घरमालक कोण? भाड्याच्या खोलीचा इतिहास

नव्या शहरात राहायला जाणारा माणूस राहण्याचा भाग कसा निवडतो? आमचे अर्थशास्त्राचे सहकारी याचे उत्तर फळ्यावर चार शब्दांत लिहितात : भाडे, कामाच्या जागेपासूनचे अंतर, पाणी, मुलांची शाळा. या चारांची बेरीज-वजाबाकी करून माणूस घर ठरवतो. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत मार्कही मिळवतात. पण लातूर, हिंगोली, नांदेडकडून पुण्यात आलेले हेच विद्यार्थी जून-जुलैत खोली शोधायला निघतात, तेव्हा वहीत नसलेला पाचवा प्रश्न त्यांच्यासमोर येतो. तो त्यांनी विचारायचा नसतो. तो त्यांना विचारला जातो.

हा पाचवा प्रश्न आजचा नाही, त्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. आपण गिरण्यांचा इतिहास लिहिला, संपांचा लिहिला, सत्याग्रहांचा लिहिला. भाडेपावतीचा इतिहास मात्र कोणी फारसा लिहिला नाही. दलित शहरात कुठे राहिले हे आपण सांगतो. ते तिथेच का राहिले, हे विचारले की 'गरिबी' असे उत्तर देऊन मोकळे होतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. गरीब तर मराठा गिरणी कामगारही होता, कोकणातून आलेला कुणबीही होता. इतिहासाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे : दलिताला ज्या ठिकाणी छप्पर मिळाले, तिथला घरमालक कोण होता?

हा प्रश्न हातात घेऊन पुण्याचाच नकाशा पाहा. बोपोडी, दापोडी, खडकी या पट्ट्यात आपली वस्ती दाट का? कारण खडकीला लष्करी छावणी होती आणि १८६९ साली तिथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. ताडीवाला रोडला आपली माणसे का? कारण शेजारी रेल्वे आहे. लष्कर, रेल्वे, नगरपालिका यांना हात हवे होते, आणि त्या हातांना जवळपास कुठेतरी राहू देणे त्यांना भाग होते. या मालकांना आपल्याविषयी प्रेम होते असे मुळीच नाही. पण त्यांच्या घरात वर देव्हारा नव्हता, मागच्या दारी सोवळ्याचा हंडा नव्हता. पेठेतल्या वाड्याच्या मालकाकडे हे दोन्ही होते. दलित माणूस पेठांच्या कडेला, नाल्याच्या बाजूला, छावणीच्या सावलीत राहिला तो असा.

बाबासाहेबांचे आयुष्यही घरमालकाच्या बाजूने पाहिले तर काही वेगळे दिसते. त्यांचा जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीतला. सुभेदार रामजींच्या पिढीला लष्कराने पगार दिला, अक्षर दिले आणि राहायला जागाही दिली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा नोकरीचा रस्ता बुजला, हे आपण नेहमी म्हणतो. घराचाही रस्ता बुजला, हे म्हणत नाही.

आणि मग १९१७ सालचे बडोदे. ही हकीकत आपल्याला तोंडपाठ आहे, तरी ती मी पुन्हा सांगणार आहे, कारण ती आपण अपमानाची गोष्ट म्हणून ऐकतो. घर भाड्याने मिळण्याच्या व्यवहाराची गोष्ट म्हणून ऐकत नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात ती स्वतः लिहून ठेवली आहे. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेला, संस्थानच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीवर रुजू व्हायला निघालेला हा तरुण बडोद्याच्या स्टेशनवर उतरतो. त्याला पहिला प्रश्न पडतो तो कामाचा नाही, उतरायचे कुठे याचा. हिंदूंच्या खानावळी आपल्याला घेणार नाहीत हे त्याला माहीत आहे. खोटी जात सांगितली तर घेतील, पण उघड झाले तर परिणाम काय होतील तेही माहीत आहे. चौकशी करता एक पारशी धर्मशाळा कळते. तिथे पारशांनाच जागा. तिथला व्यवस्थापक रोज दीड रुपया घेऊन, नोंदवहीत पारशी नाव लिहायच्या अटीवर वरच्या मजल्यावर राहू देतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहतात आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देतात. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडूनही आसरा मिळत नाही. शेवटी कमाठी बागेत बसून वेळ काढायचा आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची.

यातला एक तपशील सहसा सुटतो. संस्थानचा बंगला मिळावा म्हणून बाबासाहेबांनी अर्ज केला होता. तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. त्या अकरा दिवसांत बंगल्याची किल्ली मिळाली असती तर काठ्या घेऊन यायला कोणाला कारणच उरले नसते. सयाजीरावांसारखा राजा, त्याचीच शिष्यवृत्ती, त्याचीच नोकरी, आणि घर मात्र नाही! पदवी, पगार आणि पद ही तिन्ही हातात असलेला माणूस चौथ्या गोष्टीवाचून शहराबाहेर पडतो. शिकलात की सगळे मिळेल असे आपल्याला सांगणाऱ्यांनी बडोद्याचे हे अकरा दिवस जरूर मोजावेत.

मुंबईला ते परतले ते परळच्या चाळीत. पोयबावडीजवळची बी. आय. टी. चाळ, दुसरा मजला, खोली क्रमांक ५० आणि ५१. आंबेडकर कुटुंब इथे १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. बी. आय. टी. म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, साहेब आणि शेठ दोघेही घाबरले, आणि १८९८ साली ही संस्था उभी राहिली. रस्ते रुंद करण्यासाठी तिने गोरगरिबांची घरे पाडली, हे तिचे पाप आहेच. पण तिने चाळीही बांधल्या, आणि त्या चाळींचा मालक कोणी वाडेवाला नव्हता. १९१८ साली बाबासाहेब सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तेव्हा ते याच चाळीत राहत होते. सिडनॅमचा प्राध्यापक गिरणी कामगारांच्या चाळीत! चरित्रकार याला साधेपणा म्हणतात. साधेपणा होताच. पण बडोद्याला जे घडले त्याच्या दुसऱ्याच वर्षी हा माणूस गिरगावात किंवा दादरला जागा शोधत का फिरला नाही, याचे उत्तर एकट्या साधेपणात नाही. परळच्या चाळीत त्याला नाव बदलावे लागत नव्हते.

त्या दोन खोल्यांच्या आसपास काय काय उगवले ते पाहा. 'मूकनायक' १९२० साली परळमधूनच निघाला. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली परळच्याच दामोदर हॉलमध्ये स्थापन झाली. वस्ती म्हणजे कोंडवाडा, हे खरे आहे. आणि चळवळीला लागणारी माणसे, सभेला लागणारी गर्दी, पत्राला लागणारी वर्गणी याच कोंडवाड्यात मिळाली, हेही तितकेच खरे आहे. यातले एक सांगून दुसरे झाकणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

पुढे १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवून त्यातला काही पैसा उभा केला आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास आणि नळ सामाईक. या बीडीडी चाळींत आपली माणसे मोठ्या संख्येने शिरली. त्या काळात गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यात दोरा ओढायला तोंड लावावे लागे आणि उष्ट्याचा विटाळ आड येई. कमी मजुरीच्या खात्यांत त्यांना ठेवले जाई. धोट्यालाही जेथे विटाळ होत होता तेथे खाजगी मालकाच्या नळाला तो होणारच. सरकारी चाळीतल्या नळाला मालकाचा विटाळ नव्हता. शेजाऱ्यांचा होता. त्यामुळे या चाळींतही बौद्धांची चाळ वेगळी, मराठ्यांची वेगळी, असेच चित्र बरेचसे राहिले. सरकार मालक असले म्हणजे जात जाते, असा माझा दावा नाही. दार उघडते, एवढाच आहे. आत गेल्यावरची लढाई वेगळी असते. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत दलित पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि त्यानंतरच्या दंगलीत भागवत जाधव यांचा जीव गेला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. वस्ती आपली असली की पोलिसांना पत्ता शोधावा लागत नाही.

बाबासाहेबांनी चाळ सोडली ती दुसऱ्याच्या घरात भाड्याने जाण्यासाठी नव्हे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत जमीन घेऊन 'राजगृह' बांधले. हिंदू कॉलनी म्हणजे पांढरपेशा सवर्णांची वसाहत. तिथे एखाद्या बिऱ्हाडात दोन खोल्या भाड्याने मागितल्या असत्या तर काय झाले असते, त्याची कल्पना करायला फार त्रास पडत नाही. त्यांनी मालकालाच मधून वगळले. नाव ठेवले मगधाच्या जुन्या राजधानीचे, आणि आत माणसांच्या आधी पुस्तकांची सोय केली. आज कर्ज काढून रो-हाऊस बांधणाऱ्या आपल्या नोकरदार मंडळींनाही दारावर 'राजगृह' लिहिण्याचा मोह होतो. आत ग्रंथालयाऐवजी शोकेस असते. असो.

म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात तीन वाटा दिसतात : नाव बदलून परक्याच्या छपराखाली राहणे, सार्वजनिक चाळीत आपल्या नावाने राहणे, आणि स्वतःचे घर बांधणे. पुढच्या पिढ्या याच तीन वाटांनी गेल्या. पहिल्या वाटेवर बाबुराव बागूल भेटतात. रेल्वेतल्या नोकरीसाठी ते गुजरातेत सुरतेकडे गेले आणि जात लपवल्याशिवाय खोली मिळत नाही हे त्यांनी अनुभवले. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. त्या शीर्षककथेतल्या माणसाची फरफट सुरू होते ती भाड्याच्या खोलीपासूनच. आधुनिक दलित कथेच्या पायाशी भाड्याची खोली आहे. समीक्षकांनी विद्रोहाची भाषा तपासली, प्रतिमा तपासल्या. या खोलीकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नाही.

माझ्या स्वतःच्या पिढीला दुसरी वाट लाभली. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज सुरू केले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनातल्या वसतिगृहांनी मराठवाड्यातल्या मुलांना शहरात पहिल्यांदा पाठ टेकायला जागा दिली. ती नसती तर फी माफ होऊनही ती मुले शिकली नसती. मी बारावीपासून एम. ए. होईपर्यंत समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात राहिलो. डाळीत पाणी होते, पावसाळ्यात गळतीखाली बादल्या होत्या, गृहपाल आठवड्यातून दोनदा दिसे. पण त्या सात वर्षांत मला कोणी पूर्ण नाव विचारून मग खोली 'नुकतीच गेली' असे म्हटले नाही. घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो आईच्या मजुरीवर आणि त्या गळक्या छपरावर.

खाजगी घरमालक मला भेटला तो नोकरी लागल्यावर, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका वसाहतीत जागा पाहिली. काकूंनी चहा दिला. काका सज्जन गृहस्थ, कॉलेजात शिकवतो म्हटल्यावर 'सर' म्हणू लागले. "सर, आडनाव काय म्हणालात?" मी सांगितले. हे आडनाव दोन-तीन समाजांत चालते. "गाव कुठलं?" तेही सांगितले. "तिकडे या नावाचे आमच्या ओळखीचे आहेत, पण ते वेगळे. तुम्ही कोणत्यांपैकी?" मी म्हणालो, "आम्ही बौद्ध." काका जराही रागावले नाहीत. "छान, छान. आमचं तसं काही नाही हो. फक्त वर देव आहेत, म्हणून खाण्यापिण्याचं विचारायचं होतं. संध्याकाळी फोन करतो." तो फोन आला नाही. काठ्या नाहीत, शिव्या नाहीत, चहासुद्धा मिळाला. बडोद्याच्या तुलनेत ही प्रगतीच म्हणायची!

या प्रगतीला कायदा काय म्हणतो? १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला. १९७६ मध्ये त्याचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेल, पाणवठा, स्मशान यांच्या यादीत एक गोष्ट स्पष्टपणे आहे : कोणत्याही वस्तीत, कोणत्याही गावात राहण्याची जागा बांधणे, मिळवणे किंवा तिचा ताबा घेणे यात अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा गुन्हा आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांना हे कलम ठाऊक आहे? पण या कलमाखाली काकांना धरायचे कसे? त्यांनी जातीचा उच्चारही केला नाही. ते फक्त फोन करायला विसरले. अस्पृश्यता सिद्ध करायला कायद्याला उच्चारलेला शब्द लागतो, आणि शहरी सवर्णाने तो शब्द गिळायला केव्हाच शिकून घेतले आहे. त्याच्या जागी 'शाकाहारी कुटुंब' हा शब्द आला आहे. तो जाहिरातीत उघड छापता येतो.

गृहनिर्माण संस्थांची कथा आणखी वेगळी. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सभासदत्व आपल्या समाजापुरते राखणारा संस्थेचा पोटनियम २००५ साली न्यायालयाने वैध ठरवला. अल्पसंख्य समाजाने आपली संस्कृती जपण्याची बाजू मला कळते. पण त्या निकालाची छत्री फक्त अल्पसंख्यांच्या डोक्यावर राहते असे नाही. बलिष्ठ जातींच्या संस्थाही तिच्याखाली सुखाने उभ्या राहू शकतात.

आणि हा काही माझा एकट्याचा कडवटपणा नाही. त्रिना विठयाथिल आणि गायत्री सिंग यांनी २००१च्या जनगणनेतील वॉर्डवार आकडे घेऊन देशातली सात सर्वांत मोठी महानगरे तपासली. त्यांचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. वस्त्यांची विभागणी आर्थिक स्थितीपेक्षा जातीने अधिक झालेली आहे, असे त्यांना आढळले. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याने घर शोधणाऱ्यांचा अभ्यास २०१५ साली मांडला. तिथे सवर्णाला घर सहज मिळाले, दलिताला नकार किंवा जादा अटी मिळाल्या, आणि मुसलमानाला दलिताहूनही अधिक नकार मिळाले. या शेवटच्या गोष्टीकडे आपण डोळेझाक करता कामा नये. नकाराच्या रांगेत आपण एकटे उभे नाही.

मग आज प्रश्न तीव्र का झाला? कारण मधली वाट बुजते आहे. सरकारी चाळींचे युग संपले. बीडीडीच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पाचशेहून अधिक कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ते त्यांच्या हक्काचेच होते आणि त्याचा मला आनंद आहे. पण उद्या गावाहून येणाऱ्या मुलासाठी नवी चाळ कोणी बांधत नाही. वसतिगृहातल्या जागा अर्जांच्या मानाने तुटपुंज्या आहेत. सफाईचे काम कंत्राटी झाले, तेव्हा कामाबरोबर मिळणारी खोलीही गेली. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला क्वार्टर कसले, पगाराची तारीखसुद्धा नसते. परिणाम एकच : ज्या काळात आपली सर्वांत जास्त मुले शिकायला शहरात येत आहेत, त्याच काळात ती थेट काकांच्या चहाच्या टेबलासमोर जाऊन बसत आहेत. मुलींचे तर विचारूच नका. मुलाला जात विचारतात. मुलीला जात, वेळ, मित्र आणि लग्न कधी, हे सगळे विचारतात.

पण आणखी एक बदल झाला आहे, आणि तो आपल्याला अडचणीचा आहे म्हणून आपण त्याच्याविषयी बोलत नाही. तिसऱ्या वाटेने गेलेले आपल्यातले पुष्कळ जण आता स्वतः घरमालक आहेत. बँक, एल. आय. सी., पोस्ट, शाळा येथे नोकऱ्या केलेल्या पिढीने उपनगरांत घरे बांधली. वर एखादी खोली भाड्यासाठी काढली. ती खोली ते कोणाला देतात? मी ज्या कॉलनीत आता राहतो तिथे अशी वीस-पंचवीस घरे सहज निघतील. त्यांतल्या निम्म्याअधिक घरांत वरची खोली आयटीतल्या परगावच्या मुलांना दिलेली आहे. भाडे जास्त मिळते, 'चांगला भाडेकरू' मिळतो. आपल्या वस्तीतला मुलगा नको, कारण तो भाडे थकवेल आणि वर 'जयभीम काका' म्हणून ओळखही काढेल. प्रतिष्ठेला धक्का! मातंग समाजातल्या एका विद्यार्थ्यासाठी मी एका सद्गृहस्थांकडे शब्द टाकला. बुद्धविहाराच्या कामात ते पुढे असतात. त्यांनी शांतपणे विचारले, "मुलगा आपल्यापैकीच आहे ना?" मी म्हणालो, "काका, आपल्यापैकी म्हणजे कोणापैकी?" ते उठून आत गेले. तरी खोली मिळाली. त्यांच्या पत्नी बाहेर आल्या, मुलाकडे पाहून म्हणाल्या, "सामान आण उद्या. स्टोव्ह मात्र बाल्कनीत लाव."

गेल्या तीन वर्षांपासून आम्ही चार-पाच शिक्षकांनी एक वही ठेवली आहे. आपल्या लोकांच्या रिकाम्या खोल्या, भाडे, पाण्याची वेळ आणि मालकाचा फोन एवढेच तिच्यात असते. जातीचा रकाना नाही. खोली देणाऱ्याने विद्यार्थ्याला जात विचारायची नाही, ही एकच अट आहे. भाडेकरार नोंदवून घ्यावा असे आम्ही दोघांनाही सांगतो. बाहेर कोणी खोली नाकारली तर तारीख, जागा आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत, असे मुलांना सांगतो, कारण चौथे कलम वापरायची वेळ आली तर हातात एवढेच असते. दुसऱ्या शहरांतल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी अशा वह्या सुरू केल्या असतील तर त्यांनी आम्हाला जरूर कळवावे. इकडून तिकडे जाणाऱ्या मुलांची सोय होईल. यंदा वहीत एकोणीस खोल्या आल्या. सतरांत मुले राहायला गेली. दोन मालकांनी अट ऐकून नाव काढून घेतले. पाच मुलींना अजून जागा मिळालेली नाही, त्या येरवड्याला एकीच्या मावशीकडे एका खोलीत राहून कॉलेजला येतात.